दापोलीहून गुहागर: फेरीने जावं की चिपळूणवरून? आणि उद्या पूल झाला तर?

तिरफळ
मंडळी, यंदा गणपतीला पुण्याहून निघून दापोलीत मावशीकडे एक मुक्काम आहे, आणि हरतालिकेच्या दिवशी तिथून गुहागरच्या घरी. बरोबर सासरे (गुडघ्याचं ऑपरेशन झालेले), दोन पोरं, मखराचं सामान आणि आधीच जमिनीला टेकायला आलेली सेडान.

दोन पर्याय आहेत. एक, दापोली-दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे, मग वेलदूर-अंजनवेलच्या बाजूने गुहागर. दुसरा, खेड, भरणे नाका, चिपळूण करत लांबून. मेव्हणा म्हणतो, "फेरीच्या नादाला लागू नकोस, रस्ता शेवटी शेवटी भयंकर आहे." बायको म्हणते फेरीनेच जायचं.

माझा मूळ प्रश्न त्याहून थोडा मोठा आहे. कागदावर हा सागरी महामार्ग, म्हणजे रेवस-रेड्डी प्रमुख राज्य महामार्ग क्र. ४ चा तुकडा. मग महामार्ग म्हणावा असा तो का वाटत नाही? आणि आता पुलांची कामं निघाली आहेत, तर फेरी राहावी की जावी? तुमचं मत?

लाल डबा
फेरी. पुढचा प्रश्न?

कोकणकन्या
मेव्हण्याचं ऐकू नका. बायकोचं ऐका. हा सल्ला सर्वच मार्गांना लागू.

पगडीवाला
चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर पडतं. त्यात भोस्ते घाट आणि परशुराम घाट, वर गणपतीतली गर्दी. फेरीने दाभोळपर्यंत तीसेक किलोमीटर, पलीकडे पंधरा-सोळा. हिशेब सरळ आहे. फक्त गणपतीत फेरीलाही रांग असते हे धरून चला. आम्ही एकदा रांगेत उभे असताना गाडीतच मोदकाचं सारण निम्मं संपलं होतं.

बंदरावरचा
मी दाभोळचा. आता नोकरीनिमित्त ठाण्यात, पण घर बाजारपेठेतच. रस्ता 'शेवटी शेवटी भयंकर' हे खरं आहे, पण का ते सांगतो. दापोलीकडून येताना रस्ता बराच वेळ वर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून चालतो, काजू आणि आंब्याच्या बागा, मोकळं. मग उतार लागतो आणि तो थेट गावात शिरतो. गाव बंदराचं, शेकडो वर्षांचं. घरं रस्त्याच्या आधीची आहेत. रुंदीकरण करायचं तर कुणाची ओटी पाडायची? त्यामुळे समोरून आंब्याचा टेम्पो आला की एकाने मागे जायचं, आणि कोण जाणार हे दोघांच्या आवाजावर ठरतं.

खाली उतरलात की खाडीकाठी जुनी दगडी मशीद दिसेल, घुमट आणि मिनार असलेली. आदिलशाहीतली. फेरीची वाट बघताना लोक मोबाईल बघत बसतात, जरा तिकडे चालत जा. चंडिकेचं भुयारातलं देऊळही वेळ असेल तर चुकवू नका. आत दिव्याच्या उजेडात वाकून जावं लागतं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना नाही जमणार.

मोजणीदार
बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड आहे: राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. कुठला रस्ता कुठल्या वर्गात हे मैलाच्या दगडावरून ओळखता येतं. डोकं पिवळं तर राष्ट्रीय, हिरवं तर राज्य. आता वर्ग ठरला म्हणजे रुंदी आपोआप मिळाली असं होत नाही. वर्ग कागदावर एका सहीने बदलतो, भूसंपादन तसं होत नाही. सागरी महामार्गाचं बरंचसं असंच झालं. जुने गावरस्ते, जिल्हा मार्ग एका माळेत ओवले आणि माळेला नाव दिलं. कल्पना अंतुलेंच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, म्हणजे १९८० ते १९८२. माळ पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि खाडी आली की प्रत्येक ठिकाणी दोरा तुटलेला.

आता खरी मेख. रस्ता एका खात्याचा, धक्का दुसऱ्याचा, बोट तिसऱ्याची. डांबर जिथे संपतं आणि धक्क्याचं काँक्रीट जिथे सुरू होतं, तिथे हातभर पट्टा कुणाचाच नसतो. खड्डा नेमका तिथे पडतो. पावसात वरून उताराचं पाणी येतं, खालून भरतीचं. दोन्हीकडून धुपतं. तो खड्डा कुणी बुजवायचा यावर पत्रव्यवहार होतो, खड्डा मात्र एकनिष्ठ राहतो.

सुकटबोंबील
"खड्डा मात्र एकनिष्ठ राहतो" 😂 मोजणीदार काका, हे सेवेत असताना टिपणीत लिहायला हवं होतं.

मोजणीदार
लिहिलं असतं तर निवृत्ती लवकर मिळाली असती.

आंबोळी
गुहागरच्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून मी. आमच्याकडचा तुकडा उलटा आहे. गुहागरहून अंजनवेलकडे निघालात की काही भाग ऐसपैस, कारण वीज प्रकल्प. आमच्याकडे अजूनही त्याला 'एन्रॉन' म्हणतात, कंपनी बुडून पाव शतक होत आलं तरी. पोरं जन्मली, लग्नं झाली, पण पत्ता 'एन्रॉनच्या गेटपासून डावीकडे' असाच. प्रकल्पाची हद्द संपली की रस्ता परत आपल्या मूळ स्वभावावर येतो आणि वळणं घेत धोपाव्याला उतरतो.

गंमत म्हणजे हा रस्ता धोपाव्याला संपतो. पुढे पाणी. फेरी नसती तर तिथे कोण कशाला गेलं असतं? २००३ साली गाड्या नेणारी फेरी सुरू झाली तेव्हापासून तिथे चहाच्या टपऱ्या, वडापाव, शहाळी, पंक्चरवाला. सगळं फेरीवर उभं. म्हणून पूल म्हटलं की आमच्याकडे दोन गट पडतात, आणि दोन्ही एकाच टपरीवर चहा पितात.

लाल डबा
आणि एसटी! तिकडून दापोली-दाभोळ, इकडून गुहागर-धोपावे. मध्ये पायी फेरीत बसायचं. तिकीट पायी माणसाला अगदी किरकोळ. पण फेरी धक्क्याला लागायला आणि समोरची एसटी सुटायला एकच मुहूर्त असतो. पिशवी सांभाळत ओल्या उतारावरून पळणारा माणूस दिसला की समजावं, कंडक्टरने घंटी दिली.

सडाफटिंग
मला कळत नाही, या फेरीचं एवढं कौतुक कशाला? शहरातल्या लोकांना फोटो काढायला बरी वाटते. माझी आत्या दाभोळला, तिची मुलगी खाडीपल्याड दिलेली. रात्री फेरी बंद झाली की पलीकडच्या घरांचे दिवे दिसतात, आणि तिथे पोचायला खेड-चिपळूण फिरून तीन तास. बाळंतपणाची वेळ, साप चावला, हार्ट अटॅक, या गोष्टी वेळापत्रक बघून येत नाहीत. पूल हवा, आणि काल हवा होता. फेरीप्रेमींनी एक पावसाळा इथे राहून दाखवावं.

कोकणकन्या
+१. फोटोपुरतं कोकण आवडणाऱ्यांवर एक वेगळा धागा हवा.

बंदरावरचा
सडाफटिंग, मुद्दा मान्य, रात्रीचा त्रास आम्हीही भोगलाय. पण 'पूल काल हवा होता' म्हणताना बाणकोटच्या खाडीकडे बघा. बागमांडल्याच्या बाजूने पुलाचं काम सुरू झालं, पाण्यात खांब उभे राहिले आणि रखडले. वेसवी-बागमांडला फेरीतून जाताना ते खांब बाजूने दिसतात. इतकी वर्षं लोक कशाने खाडी ओलांडतायत? फेरीनेच.

नारळीपौर्णिमा
आणि आंबेत-म्हाप्रळ विसरू नका. तिथे सावित्रीवर पूल होता, अंतुलेंच्या गावाजवळचाच. तो दुरुस्तीला बंद केला तेव्हा मंडणगड-दापोलीकडच्या लोकांसाठी काय आणलं? फेरीबोट. म्हणजे पूल असूनही शेवटी तारणहार तीच.

सडाफटिंग
म्हणजे पूल पडू शकतो म्हणून बांधायचाच नाही? २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, एसटी गाड्या गेल्या, माणसं गेली. त्यावरून आपण 'पूल नको' नाही म्हटलं, नवा बांधला. दुरुस्ती न करणं हा वेगळा गुन्हा आहे.

मोजणीदार
सडाफटिंग यांचं बरोबर. पुलाला पर्याय फेरी नाही आणि फेरीला पर्याय पूल नाही. पण तांत्रिक बाजू बघा. खाडीच्या मुखाजवळ पूल म्हणजे मासेमारी नौका आणि बार्ज खालून जातील एवढी उंची, खाली गाळ खोलवर, खारं वारं म्हणजे सळई गंजणार. त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. आणि उंच पुलाला लांब पोचरस्ते लागतात. ते दाभोळच्या बाजारातून जाणार नाहीत हे उघड आहे, वरून सड्यावरूनच वळतील. म्हणजे बाजारपेठ बाजूला पडेल.

आंबोळी
बाजूला पडू दे हो, निदान टेम्पो तरी ओट्यावर चढणार नाहीत.

बंदरावरचा
आंबोळी, तुमचा वडापाव बाजूला पडेल तेव्हा बोलू.

सुकटबोंबील
झालं. खाडीच्या दोन काठांची भांडणं सुरू. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कुणीतरी तांडेलाला बोलवा.

आजोबा_मुरुडचे
फेरी ही नवी गोष्ट नव्हे पोरांनो. आमच्या लहानपणी मुंबईहून येणारं माणूस भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे. 'रोहिणी', 'कोकणसेवक' ही नावं तुमच्या आई-बापांना विचारा. हर्णै, दाभोळ, जयगड करत बोट रत्नागिरी-गोव्याकडे जाई. बोट किनाऱ्याला येत नसे, बाहेर उभी राही. मग पडाव, म्हणजे लहान होडी जाई आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं एकावर एक. हर्णैला लाटेत पडाव वर-खाली होताना खलाशी बाईमाणसाला दंडाला धरून बरोबर लाट वर आली की उचलून घेत. एक क्षण चुकला तर पाण्यात. आईला बोट लागायची म्हणून ती लिंबू हुंगत बसायची आणि आम्ही मुलं मात्र कठड्याला लोंबकळत.

आणि रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बुडाली, आषाढी अमावास्येच्या सुमारास. सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या पिढीत पावसाळ्यात बोटीचं नाव काढलं की घरातली म्हातारी गप्प होत असत. म्हणून आजही वाऱ्याचा इशारा आला आणि फेरी बंद ठेवली तर कुणी शिव्या देऊ नयेत.

नारळीपौर्णिमा
आजोबा, वेगळा धागा काढा ना यावर. प्लीज.

पगडीवाला
+१. शिवाय एक माहिती: गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, ते उघड्या समुद्रातून जातं म्हणून. खाडीच्या आतल्या फेऱ्या, म्हणजे दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी, पावसातही चालतात. वादळी हवामान असेल तर गोष्ट वेगळी.

तिरफळ
अरे वा, दोन दिवस लॉगिन केलं नाही तर धागा कुठच्या कुठे. सगळ्यांचे आभार. आजोबांचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला, तेही रोहिणीने गेलेत म्हणे. आता ते फेरीनेच जायचं म्हणून अडून बसलेत. पण माझा सेडानचा प्रश्न राहिला. मेव्हण्याची गाडी खाली घासली होती, म्हणून तो विरोधात आहे.

भरतीओहोटी
शेवटी कुणीतरी कामाचं विचारलं. 'रस्ता भयंकर' असं ज्यांना वाटतं त्यातल्या निम्म्यांना ओहोटीत धक्का लागलेला असतो.

बोट पाण्यावर तरंगते, धक्का जागच्या जागी. भरती पूर्ण असली की बोटीची फळी धक्क्याच्या उताराला जवळजवळ सपाट लागते, गाडी अलगद आत. सुकती लागली की बोट खाली जाते, तुम्ही उतारावर बरंच पुढे, शेवाळलेल्या ओल्या भागापर्यंत जाता, आणि फळी उलट कोनात उभी. तिथे दोन उतार मिळतात त्या खोबणीत लांब बंपरची गाडी पुढून तरी घासते नाहीतर मागून. जीपला काही होत नाही. सेडानला होतं. खलाशी फळीखाली लाकडाचे ओंडके सरकवतात, तिरकं घ्या म्हणून हात करतात, त्यांचं ऐका. तुमचा भाऊ बाहेर उभा राहून वेगळ्या सूचना देत असेल तर त्याला आधीच बोटीत पाठवा.

भरती कधी? त्याला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, दाभोळला भरती थोडी आधी येते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. म्हणून भांगाच्या दिवसात गाडी कधीही न्या, उधाणाच्या दिवसात वेळ बघून न्या.

सुकटबोंबील
वाचनखूण साठवली. माझे आजोबा जाळं टाकायला जाताना हेच बोटांवर मोजायचे, आम्हाला वाटायचं जप करतायत.

मोजणीदार
भरतीओहोटी यांनी माझ्या सगळ्या लांबणीपेक्षा जास्त काम केलं. धक्क्याचा उतार बांधताना हेच गणित चुकलं की वर्षानुवर्षं गाड्या घासतात. उतार लांब आणि मंद हवा. पुलासाठी मोठा निधी जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर धक्क्याला लागणारा शेवटचा पट्टा, तो उतार, दोन दिवे आणि गाड्या रांगेत उभ्या करायला जागा, एवढं एका हाताखाली दिलं तरी या रस्त्याला महामार्ग म्हणायला लाज वाटणार नाही.

सडाफटिंग
यावर माझं काही भांडण नाही. रात्रीची एक फेरी रुग्णवाहिकेसाठी राखून ठेवा, एवढं जोडा त्यात. मग पुलाची वाट बघायला मी तयार आहे.

आंबोळी
हे दोन्ही काठांना मान्य. नोंद घ्यावी, पहिल्यांदाच.

बंदरावरचा
नोंद घेतली. टपरी आमच्या बाजूची.

कोकणकन्या
अवांतर: धोपाव्याला उतरल्यावर भूक लागली असेल तर थांबा, पण हरतालिकेचा उपवास असेल तर बायकोसमोर वडापाव खाऊ नका. अनुभवाचे बोल.

तिरफळ
मग हरतालिका म्हणजे तृतीया. तीनाचे पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती? सकाळी लवकर निघून आठची फेरी पकडायचा विचार होता.

भरतीओहोटी
सकाळी आठला नेमकी ओहोटी मिळेल, तीही अमावास्येनंतर लगेच, म्हणजे उधाणातली. मेव्हण्याचं म्हणणं खरं करायचं असेल तर जरूर जा. नाहीतर दापोलीत आरामात आवरून निघा आणि बारा ते तीनच्या मधली फेरी घ्या. दाभोळला थोडी आधी भरते, त्यामुळे एकच्या सुमाराची उत्तम. रांगेसाठी तासभर आधी पोचा. सामान मागच्या डिकीत सगळं कोंबू नका, गाडी मागून बसते. मखर टपावर, आणि चढताना-उतरताना मुलं पायी.

तिरफळ
सासरे?

भरतीओहोटी
तेही पायी. रोहिणीतून पडावात उतरलेले आहेत ना, त्यांना काय धाड भरलीय. फक्त उताराच्या कडेने, शेवाळ नसेल तिथून.